गरब्यात कान दाबून रडणारी मुलगी

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी ७ वर्षांची, दुसरीत, इंग्रजी माध्यमात. घर बडोद्यातल्या दांडिया बाजारात, एकत्र कुटुंब. मागच्या नवरात्रात मोठ्या गरब्याच्या मैदानात शिरल्याबरोबर कान दाबून रडायला लागली, सगळ्यांना परत यावं लागलं. मोज्याची शिवण आणि फ्रॉकचं लेबल टोचतं म्हणून रोज सकाळी रडारड. वर्गात टीचर दुसऱ्याच मुलाला रागावल्या तरी हिच्या डोळ्यांत पाणी. उत्तरायणात (म्हणजे संक्रांतीला) पतंगाच्या मांज्याने कापलेलं कबूतर पाहिलं आणि दोन दिवस धड जेवली नाही. शाळेतून तक्रार एवढीच की गुणी आहे, पण बोलत नाही. सासरे म्हणतात लाडावून ठेवलीय, गर्दीत सोडा, आपोआप सवय होईल. आईने 'हायली सेन्सिटिव्ह चाइल्ड' म्हणजे अतिसंवेदनशील मुलांबद्दल वाचलंय. हा आजार आहे का, आणि यंदा नवरात्रात काय करायचं?

आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत या नावाचं निदान नाही, मानसोपचारतज्ज्ञ वापरतात त्या डीएसएम-५ मध्येही नाही. त्यामुळे या नावाखाली कोणी औषध सुचवलं किंवा वीस बैठकांचं पॅकेज पुढे केलं, तर नमस्कार करून घरी या.

हा स्वभावाचा भाग आहे, आणि त्याचा अभ्यास जुना आहे. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर पतिपत्नींनी १९५६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मुलांना तान्हेपणापासून पाहायला सुरुवात केली आणि बाळ जन्मतः कसकसं वेगळं असतं याचे ९ पैलू मांडले. किती हलका आवाज, किती हलका स्पर्श बाळाला जाणवायला पुरतो, हा त्यातला एक. पुढे १९९७ मध्ये एलेन आणि आर्थर आरन यांनी मोठ्या माणसांमधल्या याच गुणावर शोधनिबंध लिहिला आणि तुम्ही वाचलेलं नाव तिथून पसरलं. अलीकडच्या पाहण्यांत साधारण ३० टक्के माणसं संवेदनशीलतेच्या वरच्या गटात येतात. म्हणजे ४० मुलांच्या वर्गात दहा-बारा. तुमच्या मुलीच्या वर्गातही तिच्यासारखी बरीच असणार. त्यातले काही मुलगे रडत नाहीत, ढकलाढकली करतात, म्हणून त्यांना कोणी हळवं म्हणत नाही. जुळ्यांच्या अभ्यासावरून पाहिलं तर या फरकाचा जवळजवळ अर्धा वाटा अनुवंशाचा. घरातच जरा नजर फिरवा. कोणाला ट्यूबलाइटचा गुणगुण आवाज सहन होत नाही? लग्नघरातून जेवण होताच चप्पल शोधायला कोण निघतं? माझ्या अनुभवात हे बहुतेक वेळा वडील निघतात, आणि क्वचित आजोबासुद्धा.

आता सासऱ्यांच्या म्हणण्याकडे येते, कारण तुमच्या पत्रातला खरा पेच तोच आहे. सवय होते, हे त्यांचं म्हणणं चूक नाही. पण सवय कशाने होते? सोसवेल एवढी मात्रा असेल, पुढे काय होणार हे आधी माहीत असेल आणि नको झालं की बाहेर पडता येईल, तर होते. या तिन्ही गोष्टी काढून घेऊन मुलाला गर्दीच्या मध्यभागी उभं केलं, तर ते एकच शिकतं: ही जागा भयंकर आहे आणि माझी माणसंही मला इथून बाहेर काढत नाहीत. पुढच्या वर्षी ते मैदानाच्या फाटकातच रडतं, त्याच्या पुढच्या वर्षी चणिया चोळी कपाटातून काढली की रडतं. शिवाय कान दाबण्यात ती चुकत नाही. स्पीकरच्या भिंतीजवळ आवाज १०० डेसिबलच्या पुढे सहज जातो, आणि एवढ्या आवाजात कान सुरक्षित राहण्याची मर्यादा मिनिटांत मोजतात. तिथे तीन तास उभ्या राहणाऱ्या आपल्या सगळ्यांच्या कानांचं नुकसान होत असतं. आपल्याला ते कळत नाही, तिला कळतं.

पण उलटी बाजूही तेवढ्याच ठामपणे सांगते, कारण इंटरनेटवरचे लेख वाचून आलेले आईबाप हल्ली तिकडे जास्त झुकतात. 'तिला गर्दी चालत नाही' म्हणून वाढदिवस बंद, लग्नं बंद, रिक्षात शेजारी कोणी नको, आणि कोणी तिला नाव विचारलं तरी उत्तर आई देणार. त्या त्या वेळी सगळ्यांना सुटल्यासारखं वाटतं. पण दर वेळी टाळलं की भीती एकेक पायरी वर चढते, आणि खरी चिंतेची व्याधी अशाच घरात मूळ धरते. त्यात हे सगळं तिच्या कानांवर पडत असतं. 'आमच्या हिला ना, जमतच नाही' हे वाक्य सात वर्षांची मुलगी शब्दशः साठवून ठेवते. तिच्यासमोर तिच्या स्वभावाबद्दल बोलणं आजपासून थांबवा, कौतुकानेसुद्धा.

या मुलांबद्दल गेल्या काही दशकांत एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली आहे. मानसशास्त्रज्ञ जे बेल्स्की यांनी मांडलं की काही मुलांवर वाईट वातावरणाचा परिणाम जास्त होतो, आणि त्याच मुलांवर चांगल्या वातावरणाचाही जास्त होतो. लंडनच्या एका गरीब भागातल्या शाळेत ११ वर्षांच्या मुलींसाठी नैराश्य टाळण्याचा एक अभ्यासक्रम घेतला गेला. त्याचा २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की फायदा झाला तो संवेदनशील मुलींना, बाकीच्यांमध्ये फरक दिसला नाही. तुमच्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. दुसऱ्या मुलावर वाया गेले असते असे लहानसहान बदल तुमच्या मुलीवर लागू पडतील. खाली जे सांगते आहे ते किरकोळ वाटेल, तरी करून पाहा.

सगळ्यात आधी तिचा दिवस बघा. बडोद्यातल्या बऱ्याच शाळा सकाळच्या. सहाला उठवणं, घाईघाईत दूध, तोंडात घास असतानाच खाली व्हॅनचा हॉर्न. व्हॅनमध्ये दप्तरांच्या ढिगात कोंबलेली बारा मुलं. मग वर्ग, घंटा, सुट्टीतला कल्ला, डब्यांचे दहा वास. दुपारी पुन्हा व्हॅन. घरी आल्या आल्या तुमचा, आजीचा आणि आत्याचा एकच प्रश्न: काय झालं आज शाळेत? चारला ट्यूशन. सहाला पाहुणे. रात्री आठला वरणभातात लिंबाची बी येते आणि ती ताट सरकवून हंबरडा फोडते. आजोबा म्हणतात, एका बीसाठी एवढं? बीसाठी नसतंच ते. सकाळी सहापासून जे साचत आलं ते आठला सांडलं. 'शाळेत गुणी, घरी आग' हे वर्णन मला फार ऐकायला मिळतं. त्यातून आयांना वाटतं की पोरगी आपल्यालाच छळते. घरी सांडण्याची मुभा आहे हे तिला ठाऊक आहे, म्हणून शाळेत आवरून धरलेलं ती तुमच्याकडे आणून ओतते.

म्हणून पहिला बदल दुपारचा. शाळेतून आल्यावर अर्धापाऊण तास कोणी काही विचारायचं नाही. पाणी, सैल सुती कपडे, काहीतरी चावून खायचं (भाजलेले चणे, काकडी, खाकरा; चावण्याने बऱ्याच मुलांना शांत वाटतं) आणि मग तिला वाटेल ते. लोळणं, चित्र काढणं, खिडकीत बसणं. टीव्ही आणि मोबाइल मात्र या वेळेत नको. मूल स्क्रीनपुढे गप्प बसतं म्हणून आपल्याला वाटतं विश्रांती चाललीय. प्रत्यक्षात रंग, आवाज आणि दर तीन सेकंदांना बदलणारी दृश्यं यांची भर पडत असते. शाळेतली गोष्ट ती संध्याकाळी, बहुधा अंधार पडल्यावर, आपण होऊन सांगेल. तेव्हा पोळ्या लाटत असलात तरी फक्त हुं म्हणत राहा. ट्यूशनबद्दल माझं मत विचाराल तर दुसरीतल्या मुलाला ट्यूशन नको. पण हे माझं मत झालं, बडोद्यात ते कोणी ऐकत नाही.

झोप कमी झाली की सगळंच टोचतं. सकाळची शाळा असेल तर रात्री साडेआठला दिवे मंद व्हायला हवेत. या वयाला ९ ते १२ तास झोप लागते, आणि एकत्र कुटुंबात सगळ्यात आधी बळी जातो तो झोपेचाच.

मोजे आणि लेबल: वाद घालू नका. लेबलं उसवून टाका (कात्रीने कापली तर उरलेली कड जास्त टोचते), मोजे उलटे घाला, नवा युनिफॉर्म चारपाच वेळा धुऊन मऊ करा, आत सुती स्लिप द्या. सकाळचे कपडे रात्रीच अंगाला लावून बघायचे. एवढ्याने सकाळची निम्मी रडारड जाते.

शाळेत न बोलण्याचं जरा नीट पाहायला हवं. आपल्या बडोद्याच्या मराठी मुलांच्या वाट्याला घरी मराठी, फळियात (गल्लीत) आणि व्हॅनमध्ये गुजराती, टीव्हीवर हिंदी आणि वर्गात इंग्रजी असं येतं. धीट मूल चुकतमाकत चारही भाषा फेकतं. तुमच्या मुलीसारखं मूल आधी सगळं ऐकून घेतं, वाक्य मनात जुळवतं, आणि ते जुळेपर्यंत टीचर पुढच्या बाकावर गेलेल्या असतात. त्यात वेड्यावाकड्या गुजरातीला एकदा कोणी हसलं असेल तर संपलंच. तिला वेळ हवा. टीचरना विनंती करा की प्रश्न विचारल्यावर मनात पाचपर्यंत मोजून थांबावं, किंवा 'तुझ्याकडे दोघींनंतर येते' असं आधी सांगावं. पण ती घरी भरभरून बोलते आणि शाळेत महिनाभराहून जास्त काळ कोणाशी, मैत्रिणींशीही, एक शब्दसुद्धा बोलत नाही असं असेल, तर ते लाजाळूपणात बसत नाही. शाळा बदलल्यावरचा पहिला महिना सोडून द्या. त्यानंतरही तसंच असेल तर बालमानसतज्ज्ञाला दाखवा. त्यावर उपचार आहेत आणि लवकर केले तर चांगले लागू पडतात.

टीचरना भेटायला जाल तेव्हा 'माझी मुलगी फार सेन्सिटिव्ह आहे' ने सुरुवात करू नका. ऐकणाऱ्याला 'हिला ओरडू नका' एवढंच ऐकू येतं. दोन नेमक्या गोष्टी मागा: जागा दाराजवळ किंवा घंटेजवळ नको, आणि स्नेहसंमेलनासारखं काही असेल तर दोन दिवस आधी कळवा. दुसऱ्याला रागावलं की ही का रडते? कारण टीचर वर्गाला ओरडतात तेव्हा ते कोणासाठी आहे हे तिला वेगळं काढता येत नाही. हे घरी खेळून शिकवता येतं. बाहुल्या मांडा, एकीला टीचर करा, तिला रागावू द्या आणि विचारा, हे कोणासाठी होतं? बाकीच्यांनी काय करायचं? काही दिवसांत ती स्वतःच टीचर होऊन तुम्हाला बाकावर बसवेल. बसा.

शिस्तीबद्दल. आयोवा विद्यापीठात ग्राझिना कोचान्स्का यांनी लहान मुलांवर बरीच वर्षं काम केलं. त्यांना दिसलं की भित्र्या स्वभावाच्या मुलांमध्ये बरंवाईट ओळखण्याची जाण सौम्य शिस्तीतून जास्त रुजते. कारण समजायला अवघड नाही. आवाज चढला की असं मूल इतकं घाबरतं की आपण काय म्हणालो ते आतच जात नाही. बुटकं वाक्य, खालचा आवाज, एकदाच. मात्र सौम्य म्हणजे सैल नव्हे. रडायची मुभा आहे, धाकट्या भावाला ओरबाडायची नाही. रडली म्हणून 'नाही' चं 'हो' करायचं नाही. आणि तिला सोळा स्पष्टीकरणंही द्यायची नाहीत. हल्लीच्या शिकलेल्या आईबापांना ही खोड लागली आहे, मूल हुंदके देत असताना बाप भावनांवर व्याख्यान देतो. आधी शांत होऊ द्या. बोलायचं ते दुसऱ्या दिवशी.

कबुतराचं दुःख मात्र उडवून लावू नका. 'एवढंसं तर कबूतर' म्हटलं की ती पुढचं दुःख सांगणार नाही. 'देवाघरी गेलं, मजेत आहे' यानेही ती फसणार नाही. सात वर्षांची मुलगी विचारेल की मग आपण पतंग का उडवतो. तिला हाताला काम द्या. गुजरातेत उत्तरायणाच्या दिवसांत वन खातं आणि स्वयंसेवी संस्था 'करुणा अभियान' चालवतात, जखमी पक्ष्यांसाठी उपचार केंद्रं उघडतात. जवळचं केंद्र कुठे आहे ते तिच्यासोबत आधीच शोधून ठेवा. एका खोक्याला भोकं पाडून, आत जुनं फडकं घालून ते गच्चीवर तयार ठेवायला सांगा. तुमच्या घरात काचेचा मांजा येणार नाही आणि पहाटे व सूर्यास्ताच्या वेळी, पक्षी घरट्यातून निघतात आणि परततात तेव्हा, पतंग उतरवायचा, हा नियम तिच्या सांगण्यावरून सुरू होऊ द्या. पतंग उडवणाऱ्या काकांना तो पटेल न पटेल, पण तिच्या दुःखाला जायला वाट मिळेल.

आजोबांशी भांडू नका, निदान तिच्यासमोर नको. त्यांना लेख वाचायला दिलात तर ते चष्मा शोधत बसतील. त्यांना काम द्या. रविवारी सकाळी गर्दी व्हायच्या आत त्यांनी नातीला कामाटीबागेत न्यायचं. १८७९ सालची बाग, विश्वामित्रीचा काठ, मोठाली झाडं. अशा मुलांना झाडांत बरं वाटतं. म्युझियममधला निळ्या देवमाशाचा सांगाडा जरूर दाखवा, मात्र इजिप्तची ममी यंदा राहू द्या, नाहीतर रात्री सगळं घर जागं. चारपाच रविवार गेले की आजोबाच येऊन सांगतील की पोरीच्या लक्षात किती राहतं.

डॉक्टरकडे केव्हा जायचं हे सांगायलाच हवं, कारण 'स्वभाव आहे' म्हणत काही गोष्टी हातातून निसटतात. स्वभाव पाळण्यात असल्यापासून दिसतो. कालपर्यंत खुशाल असलेलं मूल अचानक हळवं झालं, अंथरूण ओलं करायला लागलं, एखाद्या माणसाकडे किंवा व्हॅनमध्ये जायला नकार द्यायला लागलं, तर कोणी मारतंय का, छळतंय का, नको तिथे हात लावतंय का, हे शांतपणे शोधा. चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर त्यासाठीच आहे. आवाज-स्पर्श सहन न होण्याबरोबर हाकेला ओ न देणं, नजर न देणं, एकच खेळ तासन्तास, जराशा बदलाने कोसळणं असं असेल, तर स्वमग्नतेची (ऑटिझमची) तपासणी करून घ्या. डीएसएम-५ मध्ये त्या निदानाच्या निकषांत संवेदनांचा त्रास २०१३ पासून धरला आहे. रोज सकाळी पोटदुखी, वजन उतरणं, शाळा बंदच, झोप नाही, 'मी नसते तर बरं' अशी भाषा, यांपैकी काहीही असेल तर वाट पाहू नका. सयाजी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. निघायच्या आधी बोलायचं असेल तर १४४१६ या टेलिमानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. तुमच्या पत्रात यातलं काही दिसत नाही. तरी एकदा कान तपासून घ्या. कानात जुना संसर्ग असेल तरी आवाज टोचू शकतात.

मोठी झाल्यावर बदलेल का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणारच. हार्वर्डचे जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांपुढे रंगीत खेळणी हलवून, आवाज ऐकवून पाहिलं. साधारण २० टक्के बाळं हातपाय झाडून रडली. ती पुढे कशी वाढली हे त्यांनी पाहिलं, तेव्हा फार थोडी बिनधास्त झाली होती, पण बरीचशी टोकाची भित्रीही राहिली नव्हती. तेवढी अपेक्षा ठेवा.

आता नवरात्र. मोठं मैदान यंदा नाही. सोसायटीतला किंवा ओळखीचा शेरी गरबा (गल्लीतला छोटा गरबा) निवडा. आधी दुपारी त्या रिकाम्या चौकात तिला घेऊन एक फेरी मारा: मूर्ती इथे, स्पीकर तिथे, आपण या ओट्यावर बसायचं. चणिया चोळी आठवडाभर आधी आणा, धुवा, आरशांच्या मागे अस्तर लावून घ्या, घरात घालून नाचू द्या. मोबाइलवर मंद आवाजात गरबे लावून पावलं घरीच बसवा. पहिल्या दिवशी आरतीच्या आधी पोचा. भरलेल्या जागेत शिरण्यापेक्षा रिकाम्या जागेत बसून ती भरताना पाहणं अशा मुलांना पुष्कळ सोपं जातं; वाढदिवसालाही हीच युक्ती. कानांवर बसणारे इअरमफ मिळतात, ते पर्समध्ये. 'आता पुरे' साठी एक खूण ठरवा, समजा तुमची बांगडी दोनदा ओढायची, आणि तिने ओढली की गप्पा अर्ध्या टाकून उठा. पहिल्याच वेळी 'थांब गं पाच मिनिटं' म्हणालात तर खूण मेली. ती रमली असेल तरी पहिल्या दिवशी वीस मिनिटांनी निघा, म्हणजे दुसऱ्या दिवशी ती स्वतः विचारेल. नऊ रात्री आहेत, घाई नाही. मोठ्या मैदानाचं पुढच्या वर्षी तिला विचारून ठरवा. आणि तुम्हाला स्वतःला मैदानात खेळायचं असेल, तर एखादी रात्र तिला आजोबांकडे ठेवून बिनदिक्कत जा.